सांगणारा एक, लिहिणारा दुसरा : परभणीकडच्या पत्रांची गोष्ट

आजचा भाग हाताने लिहिलेल्या पत्रांबद्दल आहे. मागच्या काही भागांनंतर अनेकांनी सुचवलं होतं की एकदा पत्रांवर बोला, ते दिवस फार छान होते. बोलूया. पण "किती छान दिवस होते" एवढ्यावर थांबायचं नाही. पत्र लिहिण्यात सुख होतं हे खरं. ते नेमकं कोणाचं होतं, हा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात गंगाखेडपासून करू. गंगाखेड म्हणजे परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गाव, संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. त्यात कोणत्या संताचं बोलणं कोणी लिहून घेतलं, याची चक्क यादीच दिलेली आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताबाईंची वचनं ज्ञानदेवांनी. चांगदेवांचा लेखक शामा कासार. सावता माळी बोलायचे आणि काशिबा गुरव लिहायचे. चोखोबांचे अभंग अनंतभट लिहायचे. आणि यादीच्या शेवटी, नामदेवांच्या घरच्या दासीचा लेखक कोण? तर स्वतः पांडुरंग.

हा अभंग आपण भक्तीच्या अंगाने ऐकतो. मला त्यात एक साधी व्यावहारिक गोष्टही दिसते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही आपल्याकडची फार जुनी जोडी आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं होतं त्याच्या हातात लेखणी असेलच असं नव्हतं. आणि जिच्यासाठी लिहायला घरात, गल्लीत, गावात कोणीच नव्हतं, तिला देवालाच लेखक करावं लागलं. परभणीकडच्या पत्रांचा इतिहास मला या यादीतून वाचावासा वाटतो.

आधी लिहिणाऱ्याच्या बाजूने बघू. हाताने सुरेख लिहिण्याचं सुख आपल्या भागात कमी मानलं गेलेलं नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. आज ते जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात येतं, म्हणजे परभणीच्या शेजारीच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल आणि सुटं हवं, ओळ सरळ हवी, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखं दिसायला हवं, असं त्यात सांगितलंय. त्यातल्या दोन सूचना मला फार आवडतात. एक अशी की चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहील. दुसरी अशी की तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही. आपलंच अक्षर पुढे आपल्यालाच चाळिशीतून वाचायचंय, हा विचार त्यात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने असं सांगावं, याची मला मजा वाटते.

कागदही लांबून यायचा नाही. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले असं सांगतात. हातकागदाचं काम त्या गावाने शतकानुशतकं केलं. कागद घोटून गुळगुळीत करायचा, बोरूला टोक काढायचं, दौतीत शाई घालायची, लिहून झाल्यावर ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघेखाली भराभर अक्षरं लोंबकळवायचा. कुलकर्ण्यांच्या दप्तरातले हिशेबही मोडीत आणि घरगुती पत्रंही मोडीतच.

त्यानंतर मायना. आज आपण "हाय" म्हणून सुरू होतो, पण जुन्या पत्राचं अर्धं कौशल्य पहिल्या ओळीतच असायचं. वडिलांना "तीर्थरूप", वडिलांसारख्या इतरांना "तीर्थस्वरूप", धाकट्यांना "चिरंजीव", परक्याला "राजमान्य राजेश्री". मग "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" किंवा "अनेक उत्तम आशीर्वाद". वेळ वाचवायला त्यांचीही आद्याक्षरं झाली, सा. न. वि. वि. आणि अ. उ. आ. मायना चुकला तर माणूस दुखावला जायचा. मराठीतली पत्राची सगळ्यात प्रसिद्ध कथा मायन्यावरच अडलेली आहे. चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. वयाने ज्ञानदेव लहान, म्हणून "चिरंजीव" लिहावं, तर ज्ञानाने ते मोठे. "तीर्थरूप" लिहावं, तर समोर कोवळा पोर. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी.

मायना सुंदर होता, तसा तो बोलकाही होता. बाईच्या नावाआधी "सौ." की "गं. भा." हे पाकिटावरच लिहिलेलं असायचं. टपाल वाटणाऱ्यापासून वाड्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना दारात उभ्या उभ्या कळायचं की या बाईचा नवरा आहे की गेला. पत्र उघडायच्या आधीच समाज ते वाचून मोकळा झालेला असायचा.

आता निजामाच्या काळात येऊ. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हाचा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. हिंगोली त्यात होती, परतूरही होतं. संस्थानचं टपालखातं स्वतंत्र होतं आणि 1869 पासून निजामाची स्वतःची तिकिटं निघत होती. 1931 साली जी चित्रांची तिकिटं निघाली, त्यात एक आण्यावर हैदराबादचा चारमिनार होता. पण आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार होता. म्हणजे मराठवाडा तिकिटावर आला, पण महागड्या तिकिटांवर. गरिबाच्या पत्राला तो कधी चिकटला नाही.

अडचण अशी की हे तिकीट फक्त संस्थानात चालायचं. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कारभार. लेक औंढ्याला दिली असेल तर निजामाचं तिकीट, वाशिमला दिली असेल तर इंग्रजांचं. संस्थानात ब्रिटिश टपालाचीही काही कार्यालयं होती आणि बाहेरचा पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत व्हायचा. बोली एकमेकींना लागून, सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना. टपाल मात्र दोन राज्यांचं.

आणि लिपीचं काय? संस्थानच्या दरबारात आधी फारसी होती, 1880 च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. परभणीतला शिकलेला माणूस अर्ज उर्दूत करायचा, निकाल उर्दूत वाचायचा आणि बऱ्याचदा शिकायचाही उर्दूतच. कवी आणि कादंबरीकार बी. रघुनाथ याच व्यवस्थेत वाढले. 1913 साली सेलूजवळच्या सातोन्याला जन्म, हैदराबादला शिक्षण, मग बांधकाम खात्यात नोकरी आणि 1953 साली परभणीत निधन. दिवसभर सरकारी कागद आणि उरलेल्या वेळात मराठी लेखन, हे त्या पिढीचं आयुष्य होतं. अशा माणसांसाठी घरी लिहिलेलं चार ओळींचं मराठी पत्र निव्वळ निरोप नव्हतं. ज्या भाषेत आई बोलते ती भाषा सरकारी कामात नाही, पण कार्डावर आहे. पत्र लिहिण्याचं जे सुख आपण म्हणतो, त्यातला एक भाग हा होता. उर्दूबद्दल राग असण्याची गरज नाही. परभणीत अनेकांची ती घरची भाषा आहे आणि त्यांच्या घरची पत्रं त्याच सुखाने लिहिली गेली. मुद्दा एवढाच, की पत्रात माणूस आपल्या घरच्या भाषेत बसायचा.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. 1 एप्रिल 1950 ला निजामाचं टपाल भारतीय टपालखात्यात मिसळलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला अंतर्देशीय पत्र आलं. निळसर कागद, तीन घड्या, कडेला डिंक. आता वाशिम काय नि पुणे काय, तिकीट एकच. पोस्टकार्ड ब्रिटिश हिंदुस्थानात 1879 पासून पाव आण्याला मिळत होतं, ते आता आपल्याही गावोगाव पोचलं. पण कार्ड स्वस्त झालं म्हणून लिहिणारे हात वाढले असं नाही. सांगणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे, ही जनाबाईंच्या काळातली स्थिती तशीच राहिली.

इथे मी माझ्या घरातलं सांगतो, कारण ही जोडी मी जवळून पाहिली आहे. आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. आजीला अक्षरओळख नव्हती. काका मुंबईला गिरणीत होते. 1972 साली मी पाचवीत होतो आणि आजीचा लेखक होतो. रविवारी दुपारी ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, "लिव्ह." मी मायना घालायचो, तो शाळेत शिकवला होता. पुढचं सगळं तिचं. गाय व्याली, धोंडूची सोयरीक जमली, नळाची नाली झाली. प्रत्येकाचं नाव आलं पाहिजे. अमक्याने नमस्कार सांगितला, तमकीने राम राम सांगितला. कार्डावर जागा संपली की मी कडेने उभं लिहायचो. झालं की ती म्हणायची, "वाच आता." मी वाचायचो. मी एखादं नाव गाळलं असलं तर तिला लगेच समजायचं. वाचता येत नसलं तरी त्या कार्डातलं एकूण एक अक्षर तिचं होतं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. महाराष्ट्रात अजूनही लोक "बहात्तरचा दुष्काळ" एवढंच म्हणतात, पुढे काही सांगावं लागत नाही. विहिरी आटल्या होत्या. आमच्या घरची माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, कामावर सुकडी मिळायची. जनावरं विकली होती. आणि आजी मला सांगायची, "लिव्ह, इकडं समदं बरं हाय." मी तिच्याकडे बघायचो. ती म्हणायची, "दुष्काळाचं लिवू नको. पोरगं हातचं काम सोडून पळत यील."

मी लिहिलं, "इकडील सर्व क्षेम."

काकांचं उत्तर पत्राने आलं नाही, मनिऑर्डरीने आलं. नेहमीपेक्षा रक्कम जास्त होती. मनिऑर्डरीच्या फॉर्मवर खाली निरोपासाठी छोटीशी जागा असायची. तिथे लिहिलं होतं, "आईला दसऱ्याचे लुगडे." दसरा होऊन गेला होता. दुष्काळ हा शब्द ना इकडून गेला ना तिकडून आला. दोघांनाही सगळं समजलं होतं. मधे मी होतो, पोस्टमन होता आणि ती दोन वाक्यं होती.

इतिहासाची जुनी पत्रं वाचताना मला हे फार उपयोगी पडलं. जुन्या पत्रांत "येथील क्षेम जाणोन" हे वाक्य हजार वेळा येतं. आपण ते रिवाज म्हणून सोडून देतो. मला आता तिथे थांबावंसं वाटतं. एखाद्या वर्षी तिथे पाऊस झाला होता का, साथ होती का, लढाई होती का, हे बाजूला ठेवून पाहिलं की त्या दोन शब्दांमागे कोणीतरी काहीतरी झाकलेलं असू शकतं. ते खोटं नसतं. वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून घेतलेली ती काळजी असते.

याच्या अगदी उलट पत्रही मराठीत आहे, तेही दुष्काळातलंच. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला माहीत आहेत. 1856 चं आणि 1868 चं माहेरहून, नायगावहून. तिसरं 20 एप्रिल 1877 चं, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून. 1876 पासून पडलेल्या भीषण दुष्काळाबद्दल त्या पत्रात सावित्रीबाई काहीही झाकत नाहीत. माणसं गाव सोडून चालली आहेत, जनावरं मरत आहेत, सावकार काय करतायत, सत्यशोधक मंडळी काय करतायत, सगळं स्पष्ट लिहिलंय. घरी बसलेल्या नवऱ्याला घोर लागेल म्हणून त्यांनी शब्द गाळले नाहीत, कारण हे काम दोघांचंही होतं.

या दोन पत्रांतला फरक मी पुष्कळदा मनात ताडून पाहतो. तो धाडसाचा आहे असं मला वाटत नाही. माझ्या आजीइतकी धाडसी बाई मी पाहिली नाही. फरक हा आहे की सावित्रीबाईंच्या पत्रात सांगणारी आणि लिहिणारी एकच होती. आजीला जे सांगायचं ते दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून आणि हातून जाणार होतं. नवऱ्याबद्दल, सुनेबद्दल, स्वतःच्या दुखण्याबद्दल तिला काकांशी काही बोलायचं असेल, तर ते माझ्यासमोर कसं सांगणार? तिची पत्रं प्रेमाची होती, पण खासगी कधीच नव्हती. आलेलं पत्रसुद्धा कोणीतरी वाचून दाखवायचं, ते ओसरीवर, सगळ्यांच्या देखत.

म्हणून मी म्हणतो, पत्राचं सुख दोन प्रकारचं होतं. एक, जोडीचं सुख. कोणीतरी आपल्यासमोर बसून आपलं म्हणणं लक्ष देऊन ऐकतंय, एकेक शब्द कागदावर उतरवतंय आणि परत वाचून दाखवतंय. मुंबईत जीपीओसमोर छत्र्या लावून बसणारे पत्रलेखक हेच काम पैसे घेऊन करायचे. गावाकडून आलेला कामगार तिथे बसून घरचा निरोप सांगायचा. अनोळखी माणसासमोर मन मोकळं करणं सोपंही जात असेल.

दुसरं सुख एकट्याचं, आपल्याच हाताचं. 2 ऑक्टोबर 1978 ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे 1988 साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं. कंदिलाच्या उजेडातले रात्रीचे वर्ग आठवत असतील काहींना. त्या वर्गांची चेष्टा खूप झाली, नुसती सही शिकवतात म्हणून. आमच्या आत्या अशाच वर्गाला गेल्या. सहा महिन्यांनी त्यांनी माहेरी कार्ड पाठवलं. अक्षरं बोराएवढी, रेघ वर चढत गेलेली, मायना नाही, काना-मात्रांचा ताळमेळ नाही. मजकूर एकच ओळ, "मी लिवलं हाय." आजीने ते कार्ड मला वाचायला दिलं. मग परत घेतलं आणि बराच वेळ नुसती त्या अक्षरांकडे बघत बसली. ते कार्ड घरच्या पत्रांच्या तारेत ओवलं नाही, देवळीत ठेवलं. समर्थांचे सगळे नियम त्यात मोडले होते. तरी तेवढं महत्त्वाचं पत्र आमच्या घरात दुसरं आलं नाही.

आता आजचं बोलू. 1972 साली, त्याच दुष्काळाच्या वर्षी, 15 ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची ती कल्पना, आणि हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. परभणीला 431401 मिळाला. पत्ता अचूक झाला आणि हळूहळू पत्रं कमी झाली. 2013 साली तार बंद झाली. 2025 साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. डेन्मार्कच्या टपालखात्याने तर 2025 च्या शेवटी घरोघरी पत्रं वाटणंच थांबवलं, चारशे वर्षांची सेवा संपली.

मी यावर रडगाणं गाणार नाही. आज गंगाखेडची म्हातारी व्हॉट्सॲपवर बोट दाबून धरते आणि पुण्यातल्या नातवाशी स्वतःच्या आवाजात बोलते. मधे पाचवीतला पोरगा लागत नाही. जनाबाईंच्या यादीतला लिहिणारा आता नको झालाय. माझ्या आजीला हे मिळालं असतं तर तिने कार्डाकडे ढुंकून पाहिलं नसतं, आणि ते योग्यच झालं असतं.

पण आवाजाच्या निरोपात एक गोष्ट होत नाही. तो परत वाचून दाखवला जात नाही. आजी जेव्हा "वाच आता" म्हणायची, तेव्हा तिला तिचंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू यायचं. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ती तिथे ठरवायची. पाठवण्याआधीचा तो थांबा हाताच्या पत्रात आपोआप यायचा. शाई वाळायला वेळ लागायचा, पेटीपर्यंत चालत जावं लागायचं. आणि पत्र उरायचं. माझ्याकडे आजीचा आवाज नाही, फोटोही एकच आहे. पण तारेत ओवलेली माझ्या अक्षरातली तिची वाक्यं आहेत, "समदं बरं हाय" सकट.

तर मंडळी, एवढंच सुचवतो. घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर या रविवारी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसा आणि म्हणा, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. लिहून झालं की वाचून दाखवा. आणि जे त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलं, ते लिहू नका. पण लक्षात ठेवा. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं.

पुढच्या भागात मोडी दप्तरांबद्दल बोलू. तोपर्यंत, कळावे, लोभ असावा.